खंजेरी आणि मंडळी

धंतोलीतून वर्धा मार्गाने दक्षिणेस निघाले की रहाटे कॉलनीच्या परिसरात नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. रोज तिच्यावरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की १९४२ साली या भिंतीआड एक गायक बंदी होता. २८ ऑगस्ट रोजी त्यास चांदा येथे, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, अटक झाली. नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत काही महिने काढून डिसेंबरात तो सुटला. सरकारला धास्ती वाटली होती ती त्याच्या भजनांची. या गायकाचे नाव तुकडोजी महाराज.

महाराजांचे चरित्र सांगण्याचा येथे हेतू नाही. ते पुष्कळांनी लिहिले आहे. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्म, शालेय शिक्षण जेमतेम, वरखेडच्या आडकोजी महाराजांचा अनुग्रह, १९३६ साली सेवाग्रामी गांधीजींच्या सहवासात काही काळ, मोझरी येथे गुरुकुंज आश्रम, १९५५ साली ‘ग्रामगीता’ आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीस देहावसान, एवढी रूपरेषा पुरे. आम्हांस येथे परीक्षण करावयाचे आहे ते या पुरुषाच्या एकाच कर्तृत्वाचे. स्वतः गीत रचावे, स्वतः त्यास चाल द्यावी आणि हजारोंच्या सभेसमोर स्वतःच ते गावे, हे त्यांनी सुमारे चार दशके केले. मराठी समीक्षेने त्यांच्या ग्रंथावर थोडेफार लिहिले. मंचावरच्या गायकाकडे मात्र तिने जवळजवळ पाठच फिरवली. तिसरी-चौथीच्या पलीकडे न गेलेल्या या माणसाचे नाव २००५ साली नागपूर विद्यापीठास मिळाले, तरीही गायक म्हणून त्याचे मूल्यमापन व्हावयाचे राहिलेच आहे.

हे परीक्षण ख्रिस्ती नियतकालिकात कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. गोव्यात, मुंबईत आणि आमच्या नागपुरातही अनेक ख्रिस्ती घरांत जिम रीव्हज यांची १९६३ सालची नाताळगीते ऐकत एक पिढी वाढली. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेले ते ‘कंट्री’ संगीत. त्यात साधी चाल असते, एखादे तंतुवाद्य असते, आणि शेत, आगगाडी, दारू, पश्चात्ताप व देव यांविषयी रोजच्या भाषेत केलेले निवेदन असते. त्या संगीताशी आपले नाते जडले, त्यात वावगे काहीच नाही. मात्र याच गुणांचे, आपल्याच मातीतले गाणे आपल्या धर्मग्रामापासून हाकेच्या अंतरावर चालू असता आपण ते ‘त्यांचे भजन’ म्हणून सोडून दिले, याची खंत आम्हांस वाटते. ती खंत या लेखाच्या मुळाशी आहे, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे.

आता वाद्याकडे वळू. खंजेरी म्हणजे वीतभर लाकडी कडे, त्याच्या एका तोंडावर ताणून बसवलेले कातडे, आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या पितळी चकत्या. एका हाताने ती धरावयाची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवावयाची. ओल धरली की कातडे सैल पडते. मग त्यास ऊब दाखवून ताण आणावा लागतो. या वाद्यावर राग वाजत नाही, सूरही धरता येत नाही. गरिबाच्या घरी परवडणारे आणि झोळीत मावणारे हे वाद्य आहे. पण त्याचा एक गुण मोठा. वाजवणाऱ्याचा गळा मोकळा राहतो, दृष्टी मोकळी राहते आणि पायही मोकळे राहतात. पेटीवर बसलेला गायक पेटीशी बांधलेला असतो. खंजेरीवाला उठून उभा राहू शकतो, मंडळींकडे वळू शकतो, मध्येच थाप थांबवून बोलू लागतो आणि बोलता बोलता एका थापेसरशी पुन्हा गाण्यात येतो. तुकडोजी महाराजांची सारी कला या मोकळेपणावर उभी होती.

त्यांच्या स्वतःच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे आज ऐकावयास मिळतात. ती जुनी आहेत, त्यांत खरखर आहे. तरीही दोनतीन गोष्टी स्पष्ट कळतात. आवाज खुला आणि उंच पट्टीतला आहे. त्यात गवयाची घासूनपुसून केलेली सफाई नाही, आणि ती आणण्याचा प्रयत्नही नाही. शब्दाचा उच्चार मात्र इतका स्वच्छ की दूरवर बसलेल्या म्हातारीसही अक्षर न् अक्षर पोचावे. ध्रुपद आखूड असते, आणि पहिल्या एकदोन आवर्तनांतच ते ऐकणाऱ्याच्या तोंडी बसते. नंतर कडवे येते. कडव्यात सांगावयाचे असते ते गायक एकटा सांगतो, आणि ध्रुपद आले की ते मंडळींच्या स्वाधीन करतो. सामुदायिक म्हणणीचा जोर चढू लागला म्हणजे लय हलकेच वाढते; ती कोण वाढवतो, गायक की मंडळी, हे ठरवणे कठीण जाते. शेवटी ‘तुकड्या’ ही नाममुद्रा येते. अभंगकर्त्यांची ही जुनी रीत आहे. परंतु येथे स्वतःचे नाव घेणारा कवी समोर बसलेला असतो, त्यामुळे त्या नामोच्चारात कबुलीजबाबाचा सूर लागतो.

हीच भजने छापील संग्रहातून वाचावयास घ्यावीत, आणि निराशा पदरी यावी, असे बऱ्याचदा घडते. यमके ठरीव आहेत. उपदेश उघडा आहे. व्यसन सोडा, गाव झाडा, भांडू नका, देव दगडात शोधू नका, हे दहा भजनांत दहा वेळा येते. मराठी आणि हिंदी यांची सरमिसळ आहे, आणि ती हिंदीही ग्रंथातली नव्हे. ती नागपूर-वऱ्हाडच्या बाजारात बोलली जाणारी. १९५६ पर्यंत नागपूर ही आधी मध्यप्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि दोन्ही भाषा येथे एकाच ओसरीवर नांदत होत्या, हे ध्यानी घेतले म्हणजे या सरमिसळीचे कारण कळते. तरीही कागदावर काव्य म्हणून यांतील पुष्कळ रचना उण्या ठरतात, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. महाराजांवरील भक्तीपोटी त्यांना श्रेष्ठ कवी ठरवणाऱ्यांनी त्यांचे फारसे हित केलेले नाही. त्यांचे गीत सभेसाठी रचलेले आहे. ध्रुपद मंडळींनी म्हणावे अशी जागा त्यात मोकळी ठेवलेली आहे, आणि वाचणाऱ्यास त्या जागेवर नुसती पुनरुक्ती दिसते.

‘ग्रामगीता’ वाचताना हा भेद अधिक उघड होतो. एकेचाळीस अध्याय आणि चार हजार सहाशे पंचाहत्तर ओव्यांचा हा ग्रंथ. ओवीचे नाव निघाले की मराठी कॅथलिक वाचकास फादर स्टीफन्स आठवावेत, हे स्वाभाविक आहे. १५७९ साली गोव्यास आलेल्या या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ साली ते राशोल येथे छापून निघाले. त्यानेही वृत्त निवडले ते ओवीचे, कारण ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्यांचा कान ओवीने घडलेला होता. दोघांच्या ओवीत फरक पुष्कळ आहे. स्टीफन्स यांची ओवी अलंकारांनी नटलेली आणि पुराणकथेच्या ऐसपैस गतीने चालणारी आहे. महाराजांची ओवी ग्रामपंचायतीच्या बैठकीत उठून बोलणाऱ्या शहाण्या माणसासारखी आहे. काव्यगुणांत स्टीफन्स निःसंशय थोर. पण दोन्ही ग्रंथ मंडळींत बसून मोठ्याने म्हणण्यासाठी आहेत. ‘ख्रिस्तपुराण’ आज आपल्याकडे अभ्यासक वाचतात आणि आपण त्याचा अभिमान बाळगतो. ते म्हणणारी मंडळी मात्र विरळ झाली. ‘ग्रामगीता’ विदर्भातील खेड्यांत अजून म्हटली जाते. वाङ्‌मयीन गुणांची तुलना बाजूस ठेवून या एका गोष्टीचा विचार आपण करावयास हवा.

महाराज वारले त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेत एक प्रसंग घडला. १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगात जॉनी कॅश या कंट्री गायकाने कैद्यांपुढे गाणी गायिली आणि त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. त्या तबकडीत गाण्याइतकेच कैद्यांचे हसणे, ओरडणे, टाळ्या ऐकू येतात, आणि तिचे मोल त्यातच आहे. शेवटचे गीत त्याच तुरुंगातील ग्लेन शर्ली नावाच्या कैद्याने रचलेले होते. विषय होता तुरुंगातील प्रार्थनामंदिर. आपले गीत गायले जात असता तो कैदी समोरच बसला होता. ऐकणाऱ्याच्या शब्दाला गायकाने आपला आवाज दिला. महाराजांच्या सभेत गायकाच्या शब्दाला हजारोंचा आवाज मिळे. दोन्हीकडे गाणे मंचाच्या काठाशी संपत नाही. फॉल्समचे ध्वनिमुद्रण जगभर पोचले, त्याच्यावर ग्रंथ निघाले. महाराजांच्या सभांचे असे परिपूर्ण ध्वनिमुद्रण असते तर आज भारतीय लोकसंगीताच्या अभ्यासात त्यांचे स्थान निराळे असते, असे आम्हांस वाटते.

मंडळींस एक करणारे गाणे किती जपून हाताळावे लागते, तेही येथेच सांगावयास हवे. १९४२ च्या चळवळीत, दगडधोंडेच आपली शस्त्रे होतील अशा आशयाचे त्यांचे हिंदी भजन विदर्भात गाजले. १६ ऑगस्ट रोजी चिमूर आणि आष्टी येथे लोक उठले. पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडली. जमावाच्या हातूनही सरकारी अधिकारी आणि पोलीस मारले गेले. पुढे चिमूरच्या लोकांवर, विशेषतः स्त्रियांवर, सैनिकांनी जे अत्याचार केले त्यांनी सारा देश हादरला. त्या रक्तपाताचा भार एका भजनावर टाकणे अन्यायाचे होईल. परकीय सत्तेच्या जुलुमाने लोक आधीच पेटलेले होते. तथापि सहस्र कंठांतून एकाच वेळी निघालेला शब्द विचाराला उसंत देत नाही. देशभक्तांनी त्या भजनाचा गौरव केला आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा ज्यांस आहे त्यांनी ते ऐकताना क्षणभर थबकावे, आणि तसे थबकणे म्हणजे देशद्रोह नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, आणि ती टाळून लिहिणे वाचकांशी प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. २९ ऑगस्ट १९६४ रोजी मुंबईत पवई येथील सांदीपनी साधनालयात विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली. त्या बैठकीस तुकडोजी महाराज उपस्थित होते आणि संस्थापकांत त्यांचे नाव घेतले जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेस भरली आणि पोप सहावे पॉल भारतात आले. धर्मांतराविषयीची चिंता ही त्या परिषदेच्या स्थापनेमागील एक प्रेरणा होती, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे ज्या काळात आपली वडीलधारी मंडळी पोपमहोदयांच्या दर्शनाच्या तयारीत होती, त्याच काळात हा गायक दुसऱ्या बाजूच्या बैठकीत बसला होता. आणि याच गायकाने, ईश्वर प्रत्येक देशात आणि प्रत्येक वेषात एकच आहे असे सांगणारे हिंदी प्रार्थनागीत रचले, जे अनेक शाळांतून आजही म्हटले जाते. त्याच्या सामुदायिक प्रार्थनेस सर्व पंथांच्या लोकांना मुक्त प्रवेश होता. यांतील एक गोष्ट खरी व दुसरी खोटी ठरवण्याचा मोह दोन्ही बाजूंस होतो. आम्हांस दोन्ही खऱ्या वाटतात. मनुष्य आपल्या गाण्याइतका रुंद नेहमीच असतो असे नाही. आपल्या स्तोत्रकर्त्यांचीही अशी परीक्षा घेतली तर कितीजण उतरतील, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःशी करावा.

१९५५ साली महाराज जपानला विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस गेले, तेथेही खंजेरी त्यांच्यासोबत होती. भाषा न जाणणाऱ्या श्रोत्यांपुढे त्यांनी भजन गायिले, असे सांगतात. शब्द हाच ज्याच्या गाण्याचा प्राण, त्याच्या हाती तेथे उरले असेल ते केवळ ठोका आणि चेहरा. तो कार्यक्रम कसा वठला असेल याविषयी आमच्या मनात कुतूहल आहे, आणि थोडी शंकाही.

महाराजांच्या पश्चात ही परंपरा कोणत्या रूपात उरली आहे? गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून भजने चालू आहेत, खंजेरी-भजनाच्या स्पर्धा भरतात. दरवर्षी पुण्यतिथीस मोझरी येथे मोठा जनसमुदाय जमतो आणि दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, त्यांच्या निधनाच्या क्षणी, सारेजण मौन पाळतात. एरवी टाळ-खंजेरीने दुमदुमणाऱ्या जागी शांतता पसरते. आपल्याकडे शुभ शुक्रवारी घंटा बंद ठेवतात, त्याची येथे आठवण होते.

मंचावरचा वारसा पाहावयाचा तर अकोला जिल्ह्यातील सिरसोलीच्या सत्यपाल महाराजांचे नाव घ्यावे लागते. सात खंजेऱ्या एकाच वेळी वाजवण्याची त्यांची हातोटी महाराष्ट्रभर ठाऊक आहे. कीर्तनाच्या नावाने ते अंधश्रद्धा, व्यसने, हुंडा आणि कर्जबाजारी लग्ने यांवर कोरडे ओढतात. लोक पोट धरून हसतात आणि हसता हसता गप्प होतात. २०१७ साली मुंबईत त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. त्यातून बरे होऊन ते पुन्हा मंचावर आले. त्यांचे धैर्य वादातीत आहे. कलेविषयी मात्र एक शंका नोंदवावीशी वाटते. एका खंजेरीपुढे बसलेला श्रोता शब्दाकडे पाहतो. सात खंजेऱ्यांपुढे बसलेला श्रोता बोटांकडे पाहू लागतो. बोटे थक्क करणारी आहेत, पण थक्क झालेला माणूस ध्रुपद म्हणत नाही, टाळ्या वाजवतो. सत्यपाल महाराज हे जाणतात असे दिसते, कारण सांगावयाची खरी गोष्ट आली की ते वादन थांबवून नुसते बोलतात. त्यांचे सर्वोत्तम क्षण या थांबण्यातच आहेत, असे आमचे मत आहे.

आता आपल्या देवळात येऊ. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात भाविकांनी उपासनेत सक्रिय सहभाग घ्यावा, लोकांच्या धार्मिक गीतांस उत्तेजन द्यावे आणि ज्या देशांत लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला योग्य स्थान द्यावे, असे स्वच्छ सांगितले आहे. त्यास सहा दशके लोटली. मराठीतून मिस्सा आली, नवी गीते आली, पेटी-तबला आला. आणि नंतर, कसे कोण जाणे, गीत पुन्हा मंडळींच्या हातून गेले. लॅटिनच्या काळात शब्द कळत नसत म्हणून भाविक गप्प असत. आज शब्द कळतात, तरीही पुष्कळ ठिकाणी ते गप्पच असतात, कारण गायकवृंदासमोर चार ध्वनिक्षेपक आहेत आणि चाल चित्रपटगीताइतकी वळणाची आहे. दर रविवारी नवे गीत हवे, हा आपला हट्ट. (‘उत्कृष्ट गायन’ हा अभिप्राय आपण सणानंतर फार सढळपणे देतो, मंडळींनी गायिले का, हे कोणी विचारीत नाही.) नागपुरात तर मराठी मिस्सेलाच आधी जागा शोधावी लागते, इंग्रजी, हिंदी आणि मल्याळम यांच्या गर्दीत ती एखाद्या कोपऱ्यात उभी असते.

आपल्यातही एक माणूस असा होऊन गेला, ज्यास हे सारे कळत होते. रेव्हरंड ना. वा. तिलक हे बाप्तिस्म्यापूर्वी काही काळ नागपुरात राहिले होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका मिशनऱ्याने त्यांना बायबल वाचण्यास सांगितले आणि १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, अभंग रचले, भजने रचली. ते प्रॉटेस्टंट होते, तरी त्यांची भजने आपल्याही देवळांत म्हटली जातात. ती कागदाशिवाय म्हणता येतात, यास कारण आहे. ध्रुपद आखूड, शब्द ओळखीचे, चाल कानावरून गेलेली, आणि कडव्यातला विचार मात्र पुरेसा खोल. काव्यदृष्ट्या ते तुकडोजी महाराजांहून कितीतरी वरचे. मंडळींसाठी जागा मोकळी ठेवण्याच्या बाबतीत दोघे एकाच शाळेतले.

आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदाच्या प्रमुखांनी एकदा एखाद्या खेड्यातील गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनास जाऊन मागच्या रांगेत बसावे, असे सुचवावेसे वाटते. तेथील मतांशी सहमत होण्याची गरज नाही. ध्रुपद किती शब्दांचे आहे ते मोजावे. कडव्यानंतर गायक कितीदा थांबतो ते पाहावे. वयस्क बायका मागे पडल्या की खंजेरीची थाप कशी संथ होते आणि त्या येऊन मिळाल्या की पुन्हा कशी चालू लागते, तेवढे नीट ऐकावे. आपल्या कीबोर्डात साठवलेला ठेका असे करीत नाही, आणि तो बंद करण्याची कळ त्याच कीबोर्डावर असते.